एक, दोन आणि बंद

ही गोष्ट खरी आहे. ज्यांना भुताच्या गोष्टीत उलटे पाय आणि मोकळे केस लागतात, त्यांनी इथूनच परत फिरावं. तसलं काही मिळणार नाही.

रात्रही नव्हती. रविवार, दुपारचे साडेतीन. लख्ख ऊन. आमचा तिसऱ्या मजल्यावरचा हॉल.

आम्ही चौघं होतो. मी, बायको, माझी ताई आणि ताईचे यजमान, म्हणजे दाजी.

दाजींना आम्ही पाठीमागे 'कानसेन' म्हणायचो. गाता येत नाही, वाजवता येत नाही, पण मत विचारा... न विचारताच मिळेल. दुसऱ्याच्या घरी गाणं लागलं की यांचं नाक आधी वर जाणार.

माझे स्पीकर वीस वर्षांचे. गुडघ्याएवढ्या लाकडी पेट्या. आतल्या कागदी पडद्याभोवतीची फोमची कड कुजली होती. बोट लावलं की काळा भुगा. दुरुस्तीवाला म्हणाला होता, "कड बदलू. अजून दहा वर्षं बघायला नको."

दाजी म्हणाले, "मढ्याला पावडर लावणार?"

आणि त्यांनीच दुकानदाराला सांगून एक नवी जोडी दोन दिवस ऐकायला आणवली. बारीक, काळी, चकचकीत.

"फरक बहिऱ्यालाही कळेल," म्हणाले.

मी चष्म्याच्या दुकानात नंबर काढतो. 'हे स्पष्ट की हे?' दिवसभर हेच. माणसं तोऱ्यात किती थापा मारतात, मला विचारा. म्हटलं, आज यांचाही नंबर काढू.

"दाजी, तुमचे डोळे बांधतो. ही बटण फिरवेल. तुम्ही फक्त सांगायचं, कुठले चांगले."

"बांध. तुझ्यासारख्याला पुरावाच लागतो."

माझ्याच हाताने टॉवेल बांधला. घट्ट.

अँप्लिफायरच्या बटणाला तीन खुणा. एकवर नवे स्पीकर, दोनवर जुने. तिसरी खूण, बंद.

गाणं लावलं. एक बाई, साथीला फक्त पियानो.

बायकोने बटण एकवर नेलं. दाजींनी तोंड वाकडं केलं.

"डब्यात कोंडल्यासारखी गातेय. हे तुझे जुने."

ते नवे होते.

ताईने तोंडावर हात दाबला. मला इतकं गार वाटलं, काय सांगू.

दोन.

"हां. याला म्हणतात स्पीकर."

मी बायकोला खूण केली. पुरे. तिने बटण बंदवर आणलं. आता टॉवेल सोडायचा आणि जन्मभर पुरेल एवढं हसून घ्यायचं.

पण दाजींनी हात वर केला.

"थांब... हा तिसरा कुठला?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

"पियानो गेला. पण बाई... बाई इथेच उभी आहे. श्वास ऐकू येतोय तिचा."

मला वाटलं, नाटक. हरलेल्या माणसाची सारवासारव.

मग लक्षात आलं...

पंखा फिरत होता. त्याचा आवाज येत नव्हता.

खालून बस गेली. खिडकीची काच थरथरली. आवाज नाही.

ताईचे ओठ हलले. काही नाही.

मी "दाजी" अशी हाक मारली. घशात जाणवली. कानात... काहीच नाही.

दाजींची मान हळूहळू वळत होती. खिडकीकडून सोफ्याकडे. सोफ्याकडून माझ्याकडे. कुणीतरी चालत जावं आणि आपण कानानेच त्याच्या मागे जावं, तशी.

माझ्यासमोर येऊन थांबली.

डोळ्यांवर टॉवेल. त्यांचे ओठ हलले. दोन-तीन शब्द असतील.

आणि सगळं एकदम परत आलं. पंखा, रस्ता, ताईचं रडणं.

दाजींनी टॉवेल काढला. स्पीकरकडे बघितलंसुद्धा नाही.

"माझ्या चपला कुठे आहेत?" एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी नवी जोडी परत केली. "लोकांना कानच नसतात," दुकानदार पुटपुटला. जुने स्पीकर भंगारात गेले. बदलायचे की नाही, हा प्रश्नच मिटला.

महिन्याभराने मी ताईकडे गेलो. दाजींच्या लाडक्या सिस्टीमवर चादर टाकलेली होती. ताई आत चहा करत होती. मी दाजींना हळूच विचारलं, "त्या दिवशी काय म्हणाली ती?"

"तुझं नाव घेतलं. लहानपणी घरात हाक मारायचे, ते. कुठे आहे, म्हणाली."

"मी तर समोरच होतो."

"मी सांगितलं, तो घरी नाही."

चहा आला. गार झाला.

"पटलं तिला?"

दाजींनी सिस्टीमवरच्या चादरीकडे बघितलं.

"आता इथे येते. दर रविवारी विचारते, त्याच वेळेला. मी तेच सांगतो." मग जुन्या सवयीने त्यांनी नाक मुरडलं. "तुला काही ऐकू येणार नाहीच म्हणा. कधी आलंय?"

ती कोण, मला माहीत नाही. मला त्या नावाने हाक मारणारं आता कुणीच उरलेलं नाही.

तेव्हापासून रविवारी दुपारी मी घरी थांबत नाही. ताप असला तरी उठून बाहेर पडतो. बायको विचारते, "जातोस तरी कुठे?"

कुठेही. दाजी खोटे पडू नयेत, एवढंच.