खाडीला उकळी

जेट्टीवरच्या भोंग्याने भर दुपारी जाहीर केलं, की खाडीचं पाणी निर्धोक आहे, तिसऱ्यांनी तोंडं उघडली आहेत. भोंग्यासाठी गावच्या दशावतारी कंपनीत राजाचं काम करणाऱ्या नटाचा आवाज भरून घेतला होता, त्यामुळे साधी सूचनाही युद्ध जिंकल्यासारखी ऐकू येई. वैजयंती तांडेल तेव्हा सागर केंद्राच्या खोलीत नवी साडी सावरत आरशासमोर उभी होती. तिने खिडकीतून खाडीकडे पाहिलं. पाणी तांबडंलाल होतं, कालच्यापेक्षाही जास्त. गेला आठवडाभर तिच्याच सहीने खाडी बंद होती, मग आज तिसऱ्यांना एवढं बोलायला काय झालं, हे तिला कळेना.

समुद्र आताशा तापला होता, आणि हवेतला कर्बवायू पिऊन पिऊन आंबटही झाला होता. आंबट म्हणजे माणसाच्या जिभेला कळेल असा नव्हे, पण पाण्यातल्या जिवांना चांगलाच जाणवेल इतका. या उबेत आणि आंबटपणात एका सूक्ष्म विषारी शैवालाचं भलतंच फावलं. पूर्वी ते चार दिवस पाहुण्यासारखं येऊन जाई, आता घरजावयासारखं ठाण मांडून बसे आणि अंगात विषही जास्त बाळगी. तिसऱ्या, म्हणजे खाडीच्या गाळातले शिंपले, पाणी गाळून खातात, म्हणून ते विष त्यांच्यात साठतं. खाणाऱ्याचे मग आधी ओठ बधिर होतात, नंतर हातपाय, आणि दैव फारच रुसलं तर श्वास थांबतो. कितीही शिजवलं तरी ते विष जात नाही.

यावर वैजयंतीने पहारेकरी तिसऱ्या नेमल्या होत्या. जेट्टीखालच्या पिंजऱ्यात त्या राहत आणि प्रत्येकीच्या शिंपल्यावर तांदळाच्या दाण्याएवढा एक वेधकण चिकटवलेला असे. पाण्यात विष आलं की तिसरी तोंड मिटून घेते. वेधकण ते केंद्राला कळवी, पाण्याची ऊब आणि आंबटपणाही कळवी. बहुमताने तोंडं मिटली की खाडी बंद, उघडली की चालू, असा तो कारभार होता.

आज पडद्यावर सगळ्यांनी तोंडं उघडली होती. इतकी मोठी तोंडं त्यांनी जन्मात उघडली नव्हती. वैजयंतीने भोंगा बंद केला आणि खालचे आकडे पाहिले. खाडीचं तापमान साठ अंश होतं. ती पाहत असतानाच ते ऐंशीवर गेलं, मग नव्वदीच्या पुढे. तेवढ्यात मुख्य केंद्रातून तिचे वरिष्ठ, डॉ. गोवित्रीकर, फोनवर आले. तेही तोच पडदा पाहत होते. समुद्रतळाशी ज्वालामुखी फुटला असावा असा त्यांचा कयास होता. होडी काढ, पाण्याचा नमुना आण, पण हात भाजून घेऊ नकोस, असं त्यांनी बजावलं.

ते बोलत असतानाच आंबटपणाचा आकडा एकदम उसळला. शंभर वर्षांत जेवढा समुद्र आंबला नव्हता, तेवढा एका क्षणात आंबला. डॉ. गोवित्रीकरांनी ज्वालामुखीची खात्रीच धरली. वैजयंतीने मात्र नकाशा उघडला होता. पहारेकरी जेट्टीखाली नव्हते. ते तिच्याच घरी, मागच्या पडवीतल्या चुलीवर होते. आंबटपणा वाढला तो आयेने आमसुलं टाकली म्हणून.

तिने विषाच्या परीक्षणपट्ट्या घेतल्या, स्कूटर काढली आणि साडीचा पदर कमरेला खोचून निघाली. आज घरी केळुसकर मंडळी जेवायला येणार होती. पुष्कर केळुसकरचं आणि तिचं आपसात ठरलेलंच होतं. त्याच्या आईवडिलांनी येऊन हो म्हणायचं, एवढंच बाकी होतं. आयेला चार वेळा, पुष्करला दोन वेळा फोन लावला, पण पाहुणे घरात असले की आये त्यांच्यासकट सगळ्यांचे फोन उशीखाली ठेवते. वाटेत वैजयंतीच्या डोळ्यांसमोर केळुसकर काकांचा हसरा चेहरा येत होता. बंद खाडीतल्या तिसऱ्यांनी माणूस गेलेला तिने गेल्या वर्षीच पाहिला होता.

ती पोचली तेव्हा पंगत अर्ध्यावर आली होती. ताटात तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं होतं आणि बाजूला तिसऱ्यांचं एकशिपी.

"काका, तिसऱ्या खाऊ नका," ती दारातूनच म्हणाली. "ते माझे कर्मचारी आहेत."

सगळ्यांचे हात थांबले. होणारी सून दिसायला बरी आहे, पण डोक्याने कशी आहे, असा प्रश्न काकूंच्या चेहऱ्यावर स्पष्ट उमटला. वैजयंतीने भराभर सगळं सांगितलं. आयेला त्यात आपलं काही चुकलंय असं वाटेना. व्याही दारात येतात आणि पानात तिसरी नाही, असं या घरात कधी झालं नव्हतं. बाजार बंद, खाडी बंद, पिंजऱ्याची किल्ली मात्र घरातच खुंटीला.

"सरकारी तिसऱ्यो त्यो," आये म्हणाली. "रोज डाक्टर तपासतत त्यांका. त्यांच्यापेक्षा चोख आणखी खयल्यो मिळतल्यो?"

वैजयंतीने वेधकणांबद्दल विचारलं. सफरचंदावर चिकटवतात तसं काहीतरी असेल, असं समजून आयेने ते तसेच ठेवले होते. चांगल्या मालाची खूण पाहुण्यांना दिसलेली बरी, हाही विचार होता.

तेवढ्यात केळुसकर काकांनी ओठांना बोट लावलं. "माका जरा ओठ बधिर झाल्यासारखे वाटतत," ते म्हणाले.

 पुष्कर म्हणाला, आपलेही ओठ चुरचुरतायत, आणि काकूंचेही चुरचुरत होते, पण त्या दोघांनी तिसरीला अजून हात लावला नव्हता. तिखल्यात तिरफळं जरा सढळ हातानेच पडली होती, असं आयेने कबूल केलं. तिरफळाने ओठ बधिर होतात आणि विषानेही. आता काकांचे कशाने झालेत, हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. पुष्करने उशीखालून फोन काढून रुग्णवाहिका बोलावली.

वैजयंती काकांच्या ताटाशी बसली. त्यांनी खाल्लेल्या शिंपल्यांवर तिने पट्ट्या टेकवल्या. सगळ्या कोऱ्या राहिल्या. त्या तिसऱ्यांनी आठवडाभर तोंड मिटून उपास काढला होता, विष आत गेलंच नव्हतं. ताटाच्या कडेला तीन तिसऱ्या उरल्या होत्या, सगळ्यांत मोठ्या, मांसल. आयेने त्या निवडून व्याह्यांना वाढल्या होत्या. त्यांच्यावर टेकवलेली पट्टी लागलीच जांभळी पडली.

"ह्या तीन तुम्ही का नाही खाल्ल्या?" तिने विचारलं.

काका ओशाळले. "चांगला असता ता मी शेवटाक खातंय," ते म्हणाले. "ल्हानपणापासूनची सवय."

वैजयंतीला तिथेच रडू फुटलं आणि मध्येच हसूही आलं. काकूंनी तिला जवळ घेतलं. ग्रामीण रुग्णालयात संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलेल्या काकांची एकच तक्रार होती, भुकेची. लग्न तिथल्याच बाकावर ठरलं. लग्नाचं जेवण शाकाहारी असेल, एवढी एकच अट काकूंनी घातली. डॉ. गोवित्रीकरांना ज्वालामुखी नाही हे कळवलं, तेव्हा ते थोडे हिरमुसले.

दुसऱ्या दिवशी वैजयंतीने त्या तीन वेधकणांची जुनी नोंद काढून पाहिली. पाणी सर्वांत तांबडं असतानाही त्या तिघींनी एकदाही तोंड मिटलं नव्हतं. बहुमतात त्यांच्याकडे कुणाचं लक्षच गेलं नव्हतं. विषाची त्यांना सवय झाली होती, आणि सवयीने त्या गुबगुबीत झाल्या होत्या.

नवे पहारेकरी नेमायचे होते. आये न सांगताच टोपली घेऊन आली आणि मायलेकींनी ओहोटीला खाडीच्या गाळातून टोपलीभर तिसऱ्या काढल्या. वैजयंतीने त्या टबात टाकल्या आणि वर तांबडं पाणी ओतलं. ज्या तोंड मिटतील त्या घ्यायच्या होत्या. दोघी वाट पाहत बसल्या. चारदोन तिसऱ्या मिटल्या. बाकीच्या तोंड उघडं टाकून खुशाल पाणी पीत राहिल्या.

आयेने एक मिटलेली तिसरी उचलून तळव्यावर घेतली. ती इवलीशी होती, उपाशी, हडकुळी.

"गो," ती म्हणाली, "नको म्हणणारी जर अशी सुकान जातली, तर फुडच्या वर्साक नको म्हणूक उरतला कोण?"