दिगंबर अतकऱ्यांचा उजवा हात

दिगंबर अतकऱ्यांनी उजव्या हाताने चहाचा कप उचलला, ओठांपर्यंत नेला आणि थेंबही न सांडता खाली ठेवला. वर्षभरापूर्वी पक्षाघाताने हाच हात लुळा पडला होता. आता दंडापासून मनगटापर्यंत त्यावर राखाडी रंगाचं एक पातळ आवरण असे. त्याला स्नायुबाही म्हणत. मेंदूकडून येणारा क्षीण संदेश ती दंडापाशीच टिपायची आणि स्नायूंना जेवढं जमत नसे तेवढं स्वतः पुरं करायची.

तरीही दिगंबर खूश नव्हते. अमरावतीच्या राजापेठेतल्या आपल्या सलूनमध्ये त्यांनी एकतीस वर्षं दाढ्या केल्या होत्या. बाही त्यांना जेवू घालायची, शर्टाची बटणं लावून द्यायची; पण हातात वस्तरा घेतला की बोटं उघडायची. धारेची वस्तू तिला वर्ज्य होती. हे बंधन डॉक्टरच्या सहीने सैल होऊ शकत होतं. कोणत्या डॉक्टरच्या, ते मात्र कुणी सांगेना.

त्यांची मुलगी रोहिणी शोधून थकली. मेंदूच्या डॉक्टरांनी जीव वाचवला होता. पुढचं आपल्या कामात बसत नाही, असं ते प्रामाणिकपणे म्हणाले. हाडांच्या डॉक्टरांना हाडं ठणठणीत दिसली. फोनवरचा आरोग्यशोधक कधी मालिशवाले दाखवी, कधी थेट मुंबईचा पत्ता देई. शेवटी बाबांचा व्यायाम घेणाऱ्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी तिला सांगितलं, की ती आजाराचा डॉक्टर शोधते आहे. आजारानंतरचं जगणं हाच ज्याचा विषय, असाही एक डॉक्टर असतो. पुनर्वसनतज्ज्ञ, फिजिकल मेडिसिनचा एमडी. शहरात असे दोघंच होते. त्यातले डॉ. उमाकांत भुयार घरापासून वीस मिनिटांवर बसत.

भुयारांनी आधी रिपोर्ट पाहिलेच नाहीत. दाढी करताना दिगंबर कुठे उभे राहतात, भार कोणत्या पायावर देतात, हे विचारलं. मग बाही काढायला लावली आणि फेस फासलेल्या फुग्यावर साधी पट्टी फिरवायला सांगितली. हात थरथरला. डॉक्टर मात्र खाली बघत होते.

"दिगंबरभाऊ, हाताचं निम्मं दुखणं पायात आहे," ते म्हणाले. "उजवा पाय भार घेत नाही, म्हणून खांदा झुकतो. आपण पायापासून सुरू करू."

बुटात आधाराची पट्टी बसली. खांदा सरळ झाला. मग दर पंधरवड्याला भुयार बाहीची मदत थोडी कमी करत गेले. ऐंशी टक्क्यांवरून साठ, साठावरून पस्तीस. मदत कमी झाली की हात रुसायचा. एकदा दिगंबर आठवडाभर गेलेच नाहीत, तर डॉक्टरांनी स्वतः फोन करून चौकशी केली; रागावले नाहीत. सात महिन्यांनी आकडा अकरावर आला, आणि भुयारांनी वस्तऱ्याच्या परवानगीवर सही केली.

त्या रविवारी सकाळी डॉक्टर स्वतः सलूनमध्ये आले. रोहिणीने फुगा तयार ठेवला होता. तो बाजूला सारून ते खुर्चीत बसले आणि त्यांनी मान मागे टाकली.

दिगंबर गडबडले. आधी फुग्यावर करून बघू, म्हणाले.

"सही माझी आहे," भुयार म्हणाले. "मग पहिली मानही माझीच."

रोहिणीला बघवेना, पण ती जागची हलली नाही. वस्तरा कानाखालून उतरला, हनुवटीवर थबकला, गळ्यावरून सावकाश वर आला. दहा मिनिटांनी डॉक्टरांनी गालावरून हात फिरवला आणि नुसतं हसले. दिगंबरांचे डोळे भरले होते.

"डॉक्टर, यात माझा हात किती आणि बाहीचा किती?"

"यंत्र म्हणतं, बाहीचा अकरा टक्के. पण नेमका कोणत्या वळणावर, हे मलाही सांगता येणार नाही."

"मग गिऱ्हाइकाला काय सांगू?"

भुयार खुर्चीतून उठले. ते ठरवणं दिगंबरांचंच आहे, असं म्हणून ते गेले.

पाच मिनिटांत एक अनोळखी माणूस आत आला आणि दाढी करायची म्हणाला. शर्टाच्या लांब बाहीखाली सगळं झाकलेलं होतं. न सांगताही चाललं असतं. दिगंबरांनी मनगटाचं बटण काढलं, शर्ट कोपरापर्यंत दुमडला आणि राखाडी हात त्याच्यासमोर धरला.

"आधी हे बघून घ्या, भाऊ. मग सांगा, बसता का?"