शमीमच्या नावाचा पीपी

हेमलता बारंगुळ्यांच्या ओट्यावर रोज सकाळी चहाचं पातेलं, शेंगांच्या चटणीची बरणी आणि मुनीम शेजारी शेजारी असत. त्यातल्या पहिल्या दोघांना चव होती, असं हेमाबाई म्हणत.

मुनीम म्हणजे सुपारीच्या डबीएवढं बोलकं यंत्र. एव्हाना बार्शीत घरटी एक तरी होताच, माणशी एक असलेली घरंही होती. आलेला फोन तोच घ्यायचा, विजेचं बिल तोच भरायचा, लग्नाच्या आमंत्रणाला ‘अवश्य येतो’ असं तोच कळवायचा आणि न गेल्याबद्दल दिलगिरीही तोच व्यक्त करायचा. माणसं त्यामुळे इतकी मोकळी झाली होती, की पेठेतल्या एका गृहस्थांना म्हणे स्वतःच्याच मुलाचा साखरपुडा आठवड्यानं कळला. दोन्हीकडच्या मुनीमांनी परस्पर उरकून टाकला होता. खरंखोटं देव जाणे, पण सून चांगली मिळाली.

आज मात्र हेमाबाईंनी मुनीमावर टॉवेल टाकला होता. जुन्या टेलिफोन एक्सचेंजमधल्या मंडळींचा मेळावा भरवायचा होता आणि त्याच्या ऑनलाइन नोंदणीचा अर्ज त्या स्वतःच्या हातानं बनवत होत्या. समोर खुर्चीत निवृत्त लाइनमन काशीद बशीतला चहा फुंकत बसले होते.

“नाव, गाव विचारा आन् सोडा की बाई,” काशीद म्हणाले. “सकाळधरनं काय कशिदा काढताय?”

“नुसतं विचारून कसं भागेल? ‘येणार का?’ला कुणी ‘नाही’ म्हटलं, तर त्याला जेवणाचं विचारायचं नाही. ‘हो’ म्हटलं तरच जेवणाचा प्रश्न उघडायचा. तिथं ‘तिखट चालत नाही’ म्हणाला, तर आणखी एक उघडायचा: मग बार्शीत इतकी वर्षं नोकरी कशी केलीत?”

“म्हंजे उत्तर बघून पुढचा सवाल.”

“सशर्त प्रश्न म्हणतात त्याला.”

“म्हणू द्या. आपला ट्रंक बोर्डच की हा!”

हेमाबाईंचा हात थांबला. खरंच की. गावाबाहेर फोन लावायचा तर तो आधी ऑपरेटरकडे नोंदवावा लागे, त्या काळातली गोष्ट. समोर भोकाभोकांचा बोर्ड, कानाला हेडसेट, हातात दोऱ्या. दिवा लागला की दोरी खोचायची आणि विचारायचं: ऑर्डिनरी, अर्जंट की लाइटनिंग? नुसता नंबर की पीपी? पीपी म्हणजे ठरावीक माणसासाठीचा कॉल. पीपी म्हटलं की पुढचा प्रश्न: कुणाला बोलवायचं? मग पलीकडे फोन कुणीही उचलो, आधी नाव विचारायचं आणि तोच माणूस आल्याशिवाय लाइन जोडायची नाही. दर तीन मिनिटांनी मध्येच तोंड घालायचं: थ्री मिनिट्स ओव्हर, वाढवायचे का?

शेजारच्या खुर्चीत शमीम तांबोळी. एकदा नवरामुलगा पुरामुळे नांदेडला अडकला आणि इकडे मुहूर्त टळत होता, तेव्हा शमीमनं ते लग्न लाइटनिंग कॉलवर लावून दिलं. भटजींनी ‘शुभमंगल’ म्हटलं आणि ‘सावधान’च्या आत शमीम कडाडली, “थ्री मिनिट्स ओव्हर!” मुलीच्या बापानं घाबरून आणखी तीन मिनिटं वाढवली. ते जोडपं आजही भांडताना तीन मिनिटांनी थांबतं, असं हेमाबाई शपथेवर सांगत.

मेळाव्याचं निमित्तच मुळी शमीम होती. मुलाकडे हैदराबादला गेल्यापासून हळूहळू तिचा आवाज ऐकू येईनासा झाला होता. फोन केला की तिचा मुनीमच गोड आवाजात बोलायचा, “शमीमबाई बऱ्या आहेत. निरोप पोचवतो.” मग निरोपाला सुरेख उत्तर यायचं. इतकं सुरेख की शमीमचं वाटायचं नाही. ती एकदा येऊन समोर बसावी, शिवी देऊन हसावी, एवढ्यासाठी हेमाबाईंनी सगळं एक्सचेंज गोळा करायचं ठरवलं होतं.

अर्ज गेला आणि तासाभरात उत्तरांचा पाऊस पडला. सगळे येणार! शमीमच्या नावापुढेही ‘हो, आनंदानं’. हेमाबाईंनी कपाटातून इरकली साडी काढून पलंगावर पसरली.

“बाई, जरा हिकडं बघा,” काशीद यादी वाचत म्हणाले. “सुपरवायझर अष्टेकर बी येणारेत. जेवण कमी तिखटाचं.”

“अष्टेकर?”

“तेच. मागच्या दिवाळीत मी खांदा दिलेले.”

घरच्यांनी अष्टेकरांचा मुनीम बंदच केला नव्हता. तो बिचारा इमानानं आमंत्रणं स्वीकारत बसला होता. काशीदांनी मग खोलात जाऊन पाहिलं, तेव्हा घोटाळा उघड झाला. हेमाबाईंनी सवयीनं एक अट घातली होती: उत्तर ‘नाही’ किंवा ‘बघू’ आलं, तर कॉल पेंडिंग ठेवायचा आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा विचारायचं. ट्रंकचा नियमच होता तो. गिऱ्हाईक रद्द करीत नाही तोवर ऑपरेटरनं हार मानायची नाही. पेंडिंग कॉलच्या या भुणभुणीला गावोगावचे मुनीम वैतागले होते आणि पिच्छा सोडवायला एकामागून एक ‘हो’ म्हणून मोकळे झाले होते. माणसापर्यंत अर्ज पोचलाच नव्हता.

“मंडप मुनीमांनी भरंल,” काशीद हसले. “जेवणाऐवजी चार्जर वाढा.”

हेमाबाई हसल्या नाहीत. त्यांनी इरकलीची घडी घातली. मग एकदम म्हणाल्या, “ओ काशीद, चुकलंच माझं. हा नुसता नंबर लावला मी. पीपी लावायला हवा होता.”

त्यांनी जुना अर्ज मागे घेतला आणि नव्यात सगळ्यांत वर एकच प्रश्न ठेवला: सुपरवायझर पाठीमागून आले, की आपण शेजारणीला कसं कळवायचो? उत्तर बरोबर आलं तरच पुढचं उघडायचं. चुकलं, तर ‘धन्यवाद’ म्हणून दार बंद.

ही गोष्ट कुठल्या रजिस्टरात नव्हती, कुठल्या फोटोत नव्हती. ती फक्त पायांना माहीत होती.

मुनीमांची तारांबळ उडाली. एकानं लिहिलं, ‘कर्तव्यतत्परतेने.’ दुसऱ्यानं, ‘योग्य त्या माध्यमातून.’ अष्टेकरांच्या मुनीमानं तर ‘तशी वेळच येत नसे’ असं कळवलं. शेवटी मुनीम हरले आणि आपापल्या माणसांना उठवायला गेले. संध्याकाळपर्यंत मोजकीच खरी उत्तरं आली, पण काय आली! लातूरहून एक म्हातारी लिहायचं सोडून थेट आवाजातच किंचाळली, “अगं हेमे, टाच गं टाच! खुर्चीच्या पायाला टाच! माझ्या खुर्चीचा पाय तूच मोडलास, भवाने!” एकीची टाच दुसरीच्या खुर्चीला, दुसरीची तिसरीच्या, अष्टेकर चार पावलं चालेपर्यंत सगळी रांग सरळ बसलेली असायची. काशीद डोळे पुसत हसत होते.

आणि मग शमीमचं उत्तर आलं.

‘टाच. पण हेमानं एकदा अंदाज चुकून खुद्द अष्टेकरांच्या नडगीवर मारली आणि वर त्यांनाच म्हणाली, साहेब, पाय आवरा.’

हेमाबाई उभ्याच राहिल्या. अष्टेकर गेल्यावर हे शमीमशिवाय कुणाला माहीत नव्हतं. पीपी लागला होता! पुढचा प्रश्न आपोआप उघडला, त्यांनी निव्वळ नियम म्हणून ठेवलेला: कोण बोलतंय? या प्रश्नाला खोटं बोलायची मुनीमांना कायद्यानं बंदी होती.

उत्तर आलं: ‘मुनीम.’

हेमाबाईंनी थेट आवाज जोडला. “तुला कसं ठाऊक रे हे?”

“शमीमबाईंनी सांगितलं,” तोच गोड आवाज. “त्यांचं विसरणं सुरू झालं, तेव्हापासून रोज थोडं थोडं सांगत गेल्या. म्हणाल्या, माझ्याकडून निसटायच्या आत तू धर. आता त्यांच्यापाशी फारसं नाही. माझ्यापाशी आहे.”

“आणि मला ‘बऱ्या आहेत’ म्हणून सांगत होतास?”

“त्यांनीच तशी अट घालून ठेवली होती. हेमानं ‘कशी आहे’ विचारलं, तर ‘बरी आहे’ म्हण. ‘कोण बोलतंय’ असं विचारलं, तर मात्र सगळं खरं सांग. इतक्या वर्षांत तुम्ही ते आज पहिल्यांदा विचारलंत, हेमाबाई.”

काशीदांनी बशी खाली ठेवली. पीपीचा पहिला नियम: आधी कोण बोलतंय ते विचारायचं. शमीमनं सगळं खरं त्या एका प्रश्नापलीकडेच ठेवून दिलं होतं आणि हेमाबाई मात्र दर वेळी निरोप ठेवून, फोन बंद करून चहाकडे वळल्या होत्या.

“ती मला ओळखेल?” त्यांनी हळूच विचारलं.

“सांगता येत नाही. परवा मुलालाही ओळखलं नाही. पण गाडीत बसायला आवडतं त्यांना. मुलगा आणायला तयार आहे.”

“मग येऊ दे,” हेमाबाई म्हणाल्या. “ती विसरली असेल, तर मी पहिल्यापासून ओळख करून घेईन. तेव्हा तरी कुठं ती मला जन्मापासून ओळखत होती?”

“आन् जेवणात पंचपक्वान्न करा,” काशीद नाक ओढत पुटपुटले.

‘येणार का’पुढे ‘हो’ उमटलं. अर्ज शिस्तीत एक पायरी खाली उतरला आणि त्यानं पुढचा प्रश्न उघडला: सोबतच्यांना धरून, तुमच्याकडून किती जण?

मुनीम थांबला. तो कधी थांबत नसे.

“दोन लिहू की तीन, हेमाबाई?” त्यानं विचारलं. “जिचं नाव शमीम आहे ती खुर्चीत बसेल. जिला तुम्ही आठवता, ती माझ्यात आहे. तुम्ही नक्की कुणाला बोलावलंय?”