माडाशेजारची सुलट बाई

विनुता मिसच्या प्रयोगशाळेत कुणी घाई करीत नसे. तंजावूरबाहेर, भातखाचरांच्या कडेला असलेल्या त्या कॉलेजात ती भौतिकशास्त्र शिकवी, आणि स्पेक्ट्रोमीटरला हात लावण्याआधी मुलींना तिचं तेच सांगणं असे. प्रिझमच्या चकाकत्या बाजूंना बोट लावू नका. सोडियमचा दिवा नीट तापून पिवळा होऊ द्या. यंत्राची दुर्बीण सूर्याकडे कधी वळवू नका, पाण्यातल्या सूर्याकडेही नाही. मग ती खिडकी उघडत असे. दुर्बीण आधी लांबच्या वस्तूवर जुळवावी लागते, आणि त्यासाठी कालव्याच्या बांधावरचा एक माड ठरलेला होता. दुर्बिणीत तो शेंडा खाली, बुंधा वर असा दिसे. मुली दरवर्षी हसत.

त्या दुपारी हरिप्रिया हसली नाही. राजवाड्यामागच्या मराठी घरातली ही मुलगी. वर्गात तमिळ बोले, पण मिसशी घरच्या भाषेत.

"मिस, माड उलटा आहे," ती म्हणाली. "पण ती बाई सुलट उभी आहे."

विनुतानं डोळा लावला. उलट्या माडाशेजारी खरंच एक बाई होती, डोकं वर, पाय खाली. नुसत्या डोळ्यांनी पाहिलं तर बांध रिकामा. तिनं भिंग पुसलं, दुसऱ्या टेबलावरच्या दुर्बिणीतून पाहिलं. बाई होतीच.

विनुता घाबरणाऱ्यातली नव्हती. घरी जाताना बसमध्ये तिला उत्तर सापडलं. खरी बाई दुर्बिणीत उलटी दिसली असती. सुलट दिसेल ते पाण्यातलं प्रतिबिंब, आणि खाचरं तर पाण्यानं भरलेलीच होती. समाधानानं ती खाली उतरली, आणि मग तिच्या मनात आलं, की पाण्यात बाई दिसायला बांधावर बाई हवी.

त्यानंतर मुली गेल्या की ती दुर्बिणीपाशी बसू लागली. बगळे पाय वर करून संथ सरकत. ऊन मऊ होई. बाई हलत नसे, फक्त तिचा पदर कुठल्याशा वाऱ्यानं उडे. बघता बघता झोपाळ्यावर डोळा लागावा तसं विनुताला होई. चहा गार होऊन जाई. ती बाई उभी राहून राहून थकली आहे, असं तिला वाटे.

शेजारच्या खोलीतले त्यागराज सर एकदा डोकावले, तेव्हा तिनं त्यांनाही पाहायला लावलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं, आणि खिडकी लावून घ्या म्हणाले.

ती म्हणाली, "तुम्ही इथून बघत राहा. मी जाऊन येते. फोन चालू ठेवते."

बांधावर चिखलाचा, ओल्या गवताचा वास होता. वारा पडलेला. पाण्यात माड होता, ढग होते. बाई नव्हती.

विनुता वाकली.

पाण्यात तीही नव्हती.

"सर, दिसते का मी?" तिनं फोनवर हलकेच विचारलं.

"बांधावर एक बाई दिसतेय," त्यागराज म्हणाले. "उलटी. म्हणजे खरीच. कॉलेजकडे चालत निघालीय."

"मी तर उभीच आहे, सर."

पलीकडे ते दुर्बीण जराशी सरकवताना ऐकू आले. मग अगदी सावकाश म्हणाले, "माडाशेजारी तुम्ही आहात, विनुताबाई. सुलट."

तिनं वर पाहिलं. आभाळात एक तरंग उठला, आणि पसरत पसरत कडेपर्यंत गेला.