बंद कपाटातला गंज

"हात दाखव," मामा म्हणाला.

भुंग्याने दोन्ही तळहात पुढे केले. बोटांना शाई, नखांत माती. मामाने हातांकडे पाहिलं, मग समोरच्या उघड्या खणाकडे, आणि त्याचा चेहरा उतरला.

खणात मामाचे चाकू होते. दुकानातले नव्हेत, एकेका कारागिराने हाताने घडवलेले. कुणाची मूठ शिंगाची, कुणाची हाडाची, कुणाची अक्रोडाच्या लाकडाची. वर्षानुवर्षं मामाने जिवापाड जपलेले. आता त्यांच्या पात्यांवर तपकिरी डाग पडले होते. भाचरं सुट्टीला आल्या आल्याच मामाने तिघा पोरांना बजावलं होतं की बघा हवं तितकं, पण हात लावायचा नाही. घामाचे हात लागले की पोलाद गंजतं.

"लावलास ना हात?"

"एकदाच. मुठीला. पात्याला नाही, शप्पथ."

पण मामाचा विश्वास बसेना. भुंग्याला सगळीकडे नाक खुपसायची खोड, हे घरात कोण जाणत नव्हतं? दुपारी बाबा त्याला न्यायला येतील, असं मामाने फोन करून ठरवूनही टाकलं. भुंगा रडला नाही. नुसता भिंतीला पाठ लावून उभा राहिला. रडला असता तर बरं, असं त्याच्या बहिणीला वाटलं.

बहिणीला घरात सगळे वकील म्हणत, कारण जेवायला बोलावलं तरी ती आधी कारण विचारायची. एका चाकूची मूठ तुटायला लागलेली, ती खरी आहे ना हे विचारायला मामा जुन्या वस्तू पारखणाऱ्या पारखी काकांना बोलवायला गेला, तशी ती खणापाशी आली. हात पाठीमागे बांधून, नुसते डोळे लावून.

"लंबू, इकडे ये. डाग कुठे जास्त आहेत बघ."

लंबू म्हणजे मामाचा मुलगा. त्याने मान वाकवली. कडेचे चाकू जवळजवळ स्वच्छ होते. मधल्यांवर मात्र गंज दाट. आणि अगदी मधोमध होता पिवळ्या-तपकिरी ठिपक्यांच्या, आरपार दिसणाऱ्या मुठीचा चाकू. त्याचं पातं तर खरवडल्यासारखं झालं होतं. मुठीतल्या पितळी खिळ्यांवर हिरवट थर चढला होता, आणि मुठीची एक बारीक कपची सुटून खाली पडली होती.

"हा कासवाच्या पाठीचा," लंबू म्हणाला. "पारखी काकांनीच बाबांना मिळवून दिला."

"एकट्या भुंग्याच्या बोटांनी असा गोल गंज कसा चढेल? मधे दाट, कडेला विरळ?"

लंबूने आठवून सांगितलं की पहिला डाग दिसताच बाबांनी खणाच्या फटींना रबराची पट्टी लावली, बाहेरची दमट हवा आत जाऊ नये म्हणून. पण त्यानंतर तर डाग झपाट्याने वाढले. वकिलाच्या कपाळाला आठी पडली. म्हणजे गंज बाहेरून येतच नव्हता!

भिंतीजवळून भुंगा हळूच म्हणाला, "मी मूठ धरली होती ना, तेव्हा हाताला वास आला होता. कापरासारखा."

तिघांनी खणावर नाकं नेली. कापूर होताच, आणि त्याच्या मागे नाकात झोंबणारं काहीतरी आंबट. लंबू झटकन मागे सरला.

"हा वास मला माहितीये. बाबांचे टेबल टेनिसचे जुने चेंडू! एक मी भिंगाखाली धरला होता. भप्पकन पेटला. भुवई गेली माझी, बाबांचा मार खाल्ला तो वेगळाच."

बाहेर पावलं वाजली. पारखी काका आले ते हातात स्पिरिटचा दिवा घेऊनच. कुठलीही वस्तू नुसती पाहून ते ओळखतात, अशी त्यांची ख्याती होती, आणि ती पसरवण्यात त्यांचा स्वतःचा वाटा मोठा होता.

"कासवच आहे हो," ते म्हणाले. "तुमच्या समाधानासाठी सुई तापवून टोचतो. जळक्या केसांचा वास आला की खरं कासव, विषय संपला."

त्यांनी ठिपक्यांचा चाकू फडक्यावर ठेवला. शेजारी उघडा खण, वर लाकडी कपाट, खिडकीला पडदा. सुई लाल होऊ लागली. ही मूठ त्या चेंडूंसारखी पेटेल, असं वकिलाने सांगून पाहिलं, पण मोठ्यांच्या कामात पोरांनी पडू नये, असं म्हणत काकांनी सुई उचलली.

वकिलाने मुठीवर आपला तळहात ठेवला.

"आता टोचा."

काकांचा हात हवेतच थांबला. मामा ओरडला. तिने हात हलवला नाही.

"मामा, ती कपची आधी जाळून बघ. पण बाहेर, अंगणात. खोटी ठरले तर मीही भुंग्याबरोबर घरी जाते."

मामाने तिच्याकडे रोखून पाहिलं. मग दिवा विझवला. चिमट्याने कपची लोखंडी तव्यावर ठेवून तो अंगणाच्या टोकाला गेला. मामीने पाण्याची बादली आणली, मुलांना मागे ओढलं. मामाने लांब काडीची ज्योत पुढे केली.

फस्स! पिवळी ज्वाळा वीतभर उसळली आणि तवा रिकामा. जळक्या केसांचा वास आलाच नाही.

"सेल्युलॉइड," मामा पुटपुटला. जुन्या काळचं प्लास्टिक, कापूर घालून बनवलेलं. जुनं झालं की ते सडतं, त्यातून आम्लाच्या वाफा निघतात आणि शेजारचं पोलाद खातात. "आणि मी त्या वाफा पट्टी लावून आत कोंडल्या."

मामी काकांना म्हणाली, "सुई टोचली असती तर खणच नव्हे, घर पेटलं असतं."

काकांनी सुई खिशात घातली, पुन्हा काढली, कुठे ठेवावी ते त्यांना सुचेना. "पोरांनो," ते शेवटी म्हणाले, "मी नाक वापरलंच नाही. तुम्ही वापरलंत. शाबास."

तो चाकू एकटाच, मोकळ्या हवेत, शेडमध्ये पत्र्याच्या तबकात गेला. मामाने पट्टी ओढून काढली. मग त्याने फोन लावला.

"ताई, भावोजींना पाठवू नकोस. भुंगा राहतोय. चूक माझी होती. पोरगा खरं बोलत होता आणि मी ऐकलं नाही."

भुंगा दारात येऊन उभा राहिला होता.

"मामा," तो म्हणाला, "परत सांग ना. जरा मोठ्याने. बाबा आतल्या खोलीत असतील."

मामाने घसा खाकरला आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं.