पंचकाकूंचा नियम

चष्म्याच्या दुकानात माणूस जरा चाचपडतच शिरतो. पण हा शिरला तो थेट भिंतीवरच्या आरशाला जाऊन धडकला, आणि आरशातल्या स्वतःलाच "माफ करा हं" म्हणाला. काउंटरमागे काच घासत बसलेल्या तिला हसू आवरेना. बाहेर दिवसभर बारीक झड लागली होती, दुकानात भरदुपारी दिवे लावावे लागले होते आणि सकाळपासून हसण्यासारखं दुसरं काही घडलंही नव्हतं.

त्याच्या एका हातात चष्म्याची दांडी होती, दुसऱ्या हातात उरलेला चष्मा. तिनं दोन्ही घेतलं आणि बारीक स्क्रूंची डबी पुढं ओढली. तोवर त्यानं फोन पार नाकाला टेकवला. पडद्यावर रंगीबेरंगी नकाशा होता, आणि तो तिनं लगेच ओळखला. ओळखणारच की, त्या खेळाची पंच ती स्वतःच होती.

खेळ राज्याराज्यांचा. एकोणीस खेळाडू, एकमेकांचं तोंडही न पाहिलेले. प्रत्येकानं दिवसाला एक चाल करायची, आणि सगळ्यांची झाली की डाव पुढं. एकाचीही राहिली तर बाकीच्यांनी दिवस संपेपर्यंत ताटकळत बसायचं. म्हणून तिनं नियम केला होता: तीन चाली चुकल्या की राज्य जप्त, शेजाऱ्यांत वाटून टाकायचं. तो ती इतक्या काटेकोरपणे पाळायची, की सगळ्यांनी तिला कोणीतरी पन्नाशीची खाष्ट बाई समजून 'पंचकाकू' करून टाकलं होतं. वय सत्तावीस. पण तिनं तो गैरसमज कधी दूर केला नाही. काकूंशी लाडीगोडी करायला कोणी येत नाही, हा केवढा मोठा फायदा.

"लवकर होईल का?" त्यानं विचारलं. "माझी चाल राहिलीये, आणि दोन आधीच चुकल्यात. आमच्या खेळात एक काकू आहेत, त्यांना दयामाया म्हणून नाही."

"फार खाष्ट आहेत?"

"खाष्ट म्हणजे... नवरा जेवायला उशिरा आला तर त्याला उपाशी ठेवत असणार."

तिच्या चिमट्यातून स्क्रू निसटला. पुन्हा धरला, पुन्हा निसटला. त्या खेळात तुम्हाला काय म्हणतात, असं तिनं मान वर न करता विचारलं, तर तो म्हणाला, "कासव." म्हणजे शेवटच्या घटकेला चाल करणारा, दरवेळी तिचा जीव टांगणीला लावणारा कासव तो हाच. तिनं चष्मा घट्ट करून त्याच्या हातात दिला. तो डोळ्यांवर चढवून त्यानं तिच्याकडं पाहिलं, आणि जरा जास्तच वेळ पाहत राहिला. चाल मात्र वेळेत झाली.

पुढच्या आठवड्यात तो दांडी सैल झाल्याची तक्रार घेऊन आला. दांडी काही सैल नव्हती. मग नाक टोचतंय म्हणून आला, मग चष्मा पुसायचं फडकं हरवलं म्हणून. दुकानाचे मालक मिशीतल्या मिशीत हसायचे आणि काहीतरी काम काढून आत जायचे. शेवटी तिलाच राहवेना. एका पावसाळी संध्याकाळी तिनं सांगून टाकलं, की त्या काकू म्हणजे मीच.

त्याचे कान लाल झाले. मग हळूच म्हणाला, "म्हणजे... तुमचा नवरा..."

"उपाशी नाहीये. मुळात नाहीच आहे."

"बरं झालं," तो म्हणाला, आणि लगेच, "म्हणजे त्याच्या दृष्टीनं."

तेव्हापासून त्यांचं भांडण सुरू झालं. भांडणच म्हणायचं, पण दोघंही त्याची दिवसभर वाट पाहायची. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. लिफ्टच्या खड्ड्यात उतरला की फोन मुका. वर कोणी अडकलेलं असलं की तहानभूक विसरून काम. त्याचं म्हणणं एवढंच, की चाल चुकली म्हणून सरसकट दंड नको. सोडून जाणारा वेगळा आणि अडकलेला वेगळा. आधी एकदा विचारावं तरी, बाबा रे, काय झालं? तिचं म्हणणं, की वाट पाहणाऱ्यांचं काय? त्यांनी काय गुन्हा केला? दंड तर त्यांना रोज होतच असतो.

हे ती एवढं तावातावानं का बोलते, तेही एकदा बोलण्यात आलं. तिचं पूर्वी लग्न ठरलं होतं. तो मुलगा हो म्हणाला होता, मग नाही म्हणाला नाही. नुसता फोन उचलायचा बंद झाला. महिनोन्‌महिने घरात फोन वाजला की सगळ्यांच्या माना वळायच्या. उत्तर न देणाऱ्याला शिक्षा झालीच पाहिजे, असं तिच्या मनानं तेव्हाच घेतलं. खऱ्या जगात ती कोणी करत नाही, म्हणून निदान खेळात तरी... कासव सगळं ऐकून घेत राहिला. मग त्यानं तिचा गार पडलेला चहा उचलला आणि न विचारता दुसरा आणून ठेवला.

तिसरी चाल चुकली ती अशी. एका जुन्या इमारतीत दोन म्हाताऱ्या बहिणी लिफ्टमध्ये अडकल्या. खड्ड्यात उतरण्याआधी त्यानं तिला फोन केला. म्हणाला, आजची चाल राहील बहुतेक; सवलत मागत नाहीये, नुसतं सांगून ठेवतो. म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं. खेळातल्या दोघातिघांनी लिहिलंही, की काकू, जरा थांबा. तिनं थांबायचं ठरवलं, आणि मग वाटलं, त्याच्यासाठी थांबले तर नियम कसला? दिवस संपला आणि तिनं कासवाचं राज्य चौघा शेजाऱ्यांत वाटून टाकलं.

दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा हात कोपरापर्यंत ग्रीसनं काळे होते. ती काही बोलायच्या आतच तिचे डोळे भरून आले.

"अगं, तू का रडतेस?" तो म्हणाला. "राज्य माझं गेलंय."

त्या 'अगं'नं तिचं उरलंसुरलं अवसान गळालं. ती त्याच्या प्रेमात पडली होती. पडून बरेच दिवस झाले होते, कबूल त्या क्षणी केलं, तेही मनातल्या मनात.

नंतरचे महिने चांगले गेले. दुकान बंद झालं की तो पायरीवर छत्री घेऊन उभा असायचा. छत्री एकच, त्यामुळे दोघांचाही एकेक खांदा भिजायचा. पाय मोडल्यापासून तिची आई अंथरुणावर होती. आईच्या खाटेची करकर त्यानं एका संध्याकाळी घालवली, तेव्हा आई म्हणाली, हातात गुण आहे हो पोराच्या. तिला वाटलं, आता हे असंच चालेल.

तसं चालत नसतं. त्याला दूरच्या एका शहरात मोठं काम मिळालं. चांगलं काम, राहायला घर, आणि जायचं ते कायमचं. त्यानं आडवळणं घेतली नाहीत. पायरीवरच विचारलं, "माझ्याबरोबर येशील? आईंनाही घेऊ. तिथं तळमजल्यावरचंच घर बघतो."

तिला हो म्हणायचं होतं. ओठांवर आलंही होतं...

"उद्या सांगते," ती म्हणाली.

"सांग. मी दुकानात नाही येणार तोवर. समोर आलो तर तुझ्याकडून हो वदवून घेईन, आणि मला ते तसं नकोय."

आईला विचारलं तर आईनं हात वर केले. "मला मध्ये घेऊ नकोस. मी जा म्हटलं तर म्हणशील आईसाठी गेले. राहा म्हटलं तर म्हणशील आईसाठी राहिले. तुझं तू बघ."

ती दुसऱ्या दिवशी फोन घेऊन बसली. 'हो' लिहिलं, पुसलं. उद्या तोही असाच गप्प झाला तर? परक्या गावात, आजारी आईला घेऊन, पुन्हा फोनकडं बघत बसायचं? मग ते उत्तर परवावर गेलं, परवाचं आठवड्यावर. कामात तिचं लक्ष लागेना. कधी नव्हे ती एका गिऱ्हाइकाची उजवी काच डावीकडं बसवली. मालक काही बोलले नाहीत, तेच तिला लागलं. खेळात मात्र ती रोज हजर. याची चाल राहिली, त्याची चाल राहिली, सगळ्यांना बजावत होती.

आणि मग त्याचा निरोप आला. एकच ओळ. 'काय झालं? अडकलीस का?'

ती सहाणेवर काच धरून होती, बोटं ओली होती. तिनं वाचलं. हात पुसले. फोन उचलला... आणि पालथा घालून ठेवला. भीतीच एवढी होती, की प्रेमाला तोंड उघडायला जागाच मिळेना.

त्याचं सामान गाडीवर चढत असल्याचं तिला मालकांकडून कळलं. ती घासत असलेली काच तशीच टाकून धावत सुटली. बसस्थानकावर चिखल, डिझेलचा वास आणि करडा उजेड. तो खिडकीशी बसला होता. तिला पाहून खाली उतरला. तोंडभर हसलाही, पण ते हसू ओळखीच्या कोणालाही मिळालं असतं.

"हो," ती धापा टाकत म्हणाली. "माझं उत्तर हो आहे. माझं प्रेम आहे तुझ्यावर. पहिल्या दिवशीच सांगायला हवं होतं... घाबरले मी."

"प्रेम आहे ते माहीत होतं गं मला." त्यानं चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. "मी विचारल्यावर तू नाही म्हणाली असतीस, तर मी भांडलो असतो तुझ्याशी. मनवलं असतं. पण तू काहीच बोलली नाहीस. मग मी रोज थोडं थोडं शिकत गेलो, तुझ्याशिवाय राहायचं कसं. बरंचसं जमलंय आता. ते मोडून पुन्हा वाट बघायची म्हणशील, तर... ताकद नाही माझ्यात."

"मग दे मला शिक्षा. काहीही दे. पण हे नको."

"शिक्षा कसली?" तो मऊ आवाजात म्हणाला. "माझं कुठं काही म्हणणं आहे?"

वाहकानं घंटी मारली. त्यानं तिच्या ओल्या केसांवरून एकदा हात फिरवला, आईंना जप म्हणाला आणि चढला. बस वळेपर्यंत तो खिडकीतून पाहत होता. ती हात हलवायचंही विसरली.

घरी आली तेव्हा आई जागीच होती. लेकीची भिजलेली चप्पल आणि पडलेला चेहरा पाहून तिनं काय समजायचं ते समजून घेतलं. तरी विचारलंच, "भेटला?"

"भेटला."

"रागावला का फार?"

"नाही."

"बोलला तरी काही? घालूनपाडून?"

"नाही गं आई. काहीच नाही."

आईनं डोळे मिटून घेतले. खाटेच्या कडेला जागा केली आणि लेकीला जवळ ओढलं.

"मग गेला गं तो," ती म्हणाली.