टपावरची बाटली

ज्यांना हे खोटं वाटेल त्यांनी आधी माझा उजवा हात बघावा. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट नाही त्याला.

लोकांना मी सांगते, बेकरीच्या यंत्रात गेली. माझ्या बेकरीत यंत्रच नाही, पीठ मी अजून हातानेच मळते. पण लोक तेवढ्यावर गप्प बसतात.

खरं काय झालं ते आज सांगते. माझ्यासमोर झालं. कुणाकडून ऐकलेलं नाही.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही. भर दुपारची आहे.

आमच्या काउसेते गावात दुपारची जेवणं झाली की दुकानं बंद होतात. खिडक्या ओढून सगळे झोपतात. रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. त्या दिवशी तर डोंगरावरून झोन्दा सुटला होता. हा आमच्याकडचा गरम, कोरडा वारा. तो सुटला की डोकी फिरतात, नवरा-बायको भांडतात, नाकातून रक्त येतं.

फाब्रिसिओ माझा धाकटा भाऊ. आई-वडील लवकर गेले, त्याला मीच वाढवला. त्यामुळे त्याला चार शब्द सुनावायचा हक्क माझा.

त्याच्याकडे एक लाल गाडी होती. दोन माणसांची, बसकी, आणि इतकी हलकी की आम्ही दोघं तिचा मागचा भाग उचलून बाजूला सरकवायचो. घाटातल्या वळणांवर मोठमोठ्या गाड्यांना मागे टाकून तो घरी यायचा आणि बढाया मारायचा.

"ही गाडी नाही, बूट आहे," मी म्हणायचे. "पायात घाल आणि चालत जा."

"झुले, ताकद काय बघतेस. वजन बघ. हलकं असलं की वळता येतं."

मग त्याला मुलगी झाली. लुदमिला. सात महिन्यांची होईपर्यंत त्याने कसंतरी रेटलं. शेवटी त्याची बायको यानिना एक दिवस म्हणाली, "दोन जागा आहेत ना? आम्ही दोघी बसतो. तू मागून पळत ये."

त्याने गाडी धुतली, पुसली आणि घरासमोर हमरस्त्याच्या कडेला नेऊन उभी केली.

आमच्याकडे गाडी विकायची किंवा अदलाबदलीला द्यायची असली की पाटी लावत नाहीत. टपावर एक बाटली ठेवतात. बघणाऱ्याला कळतं.

त्याला घरात बाटली सापडेना. तो वळणापर्यंत चालत गेला आणि एक घेऊन आला.

गळ्यात लाल फीत बांधलेली बाटली. ती कुठली ते मी लगेच ओळखलं.

वळणावर दिफुंता कोर्रेयाचं छोटं देऊळ आहे. ही बाई आमच्या वाळवंटात तहानेने मेली. तिचं तान्हं मूल मात्र तिच्या छातीशी जिवंत सापडलं. तिची तहान भागावी म्हणून येणारे-जाणारे तिथे पाण्याने भरलेल्या बाटल्या ठेवतात. त्यांना कुणी हात लावत नाही. चोरसुद्धा लावत नाहीत.

"फाब्री, ती परत ठेव."

"पाणी तिथेच ओतलं ना मी. पाणी तिचं, ते तिला दिलं. प्लास्टिकचं काय करणार आहे ती?"

"ओतलं कुठे?"

"जमिनीवर. अजून कुठे ओतणार?"

"जमिनीला कशाला पाजलंस?"

तो हसला. रिकामी बाटली त्याने टपावर ठेवली आणि आत येऊन आडवा झाला.

मी खिडकीशी बसले होते. झोन्दा इतका जोरात होता की शेजाऱ्याचा पत्रा उडून रस्त्यापलीकडे गेला. झाडं वाकत होती. धुळीने समोरचं दिसत नव्हतं.

आणि ती रिकामी, हलकी प्लास्टिकची बाटली...

हलत नव्हती.

थोड्या वेळाने धूळ जरा खाली बसली. लाल गाडीमागे एक काळी गाडी उभी होती. चार दारांची, लांब, रुंद टायरांची. इंजिनाचा आवाज मी ऐकलाच नव्हता.

दारावर थाप पडली.

एक माणूस उभा होता. अंगात लोकरीचा जाड कोट. त्या उन्हात, त्या वाऱ्यात. कपाळावर घामाचा थेंब नाही. ओठ पांढरे पडलेले, फुटलेले.

"पाणी आहे?" त्याने विचारलं.

मी जग भरून दिला. त्याने तो तोंडाला लावला आणि खाली न ठेवता संपवला. मी अजून एक दिला. तोही संपला. ओठ होते तसेच कोरडे.

फाब्रिसिओ उठून आला. काळी गाडी बघून त्याची झोप उडाली. मोठं इंजिन, चामड्याच्या सीटा, वर चार दारं. बायकोपुढे बोलायला सोय.

"त्या लहानग्या गाडीच्या बदल्यात ही देता?" त्याने विचारलं. "वर काही नको?"

"काही नको. गाडीला गाडी."

"तुमचा तोटा आहे यात, साहेब."

"मला हलकीच हवी." मग त्याने माझ्या कडेवरच्या लुदमिलाकडे पाहिलं. "हिला मागे बसवा. मागे जागा आहे."

लाल गाडी घेऊन तो वाळवंटाच्या दिशेने गेला. त्या रस्त्यावरून सायकल गेली तरी धूळ उडते.

त्याच्यामागे उडाली नाही.

काळी गाडी मला पहिल्या दिवसापासून आवडली नाही. फाब्रिसिओ मला फिरवायला घेऊन गेला. त्याने पाय दाबला आणि माझं डोकं मागे सीटवर आपटलं.

"बघितलंस? ही ताकद."

"वळते का?"

"वळायचं कशाला? समोरचा बाजूला होतो."

हे माझ्या भावाचं बोलणं नव्हतं. तो असा बोलायचा नाही.

पुढच्याच आठवड्यात एका ट्रकवाल्याने त्याच्या पुढे ट्रक घातला. फाब्रिसिओने त्याला खाली ओढला आणि रस्त्यावर त्याचे दात पाडले. माणूस पडल्यावरही लाथा घालत राहिला. मी बाजूच्या सीटवर होते. त्याला ओढून आणताना माझा आवाज बसला. त्याच्या मुठी फुटल्या होत्या, स्टीअरिंग रक्ताने माखलं होतं.

घरी पोचल्यावर मी फडकं घेऊन पुसायला गेले.

स्टीअरिंग स्वच्छ होतं... कोरडं.

नंतर लक्षात यायला लागलं. त्या गाडीत ठेवलेलं काही ओलं राहत नसे. माझा पाव खडखडीत व्हायचा. पाण्याची बाटली टोपण लावलेली असायची, पण रिकामी. एकदा लुदमिलाची दुधाची बाटली मागच्या सीटवर विसरली. सकाळी तिच्या तळाला नुसती पांढरी पूड होती.

आणि एक आवाज. इंजिन बंद केल्यावर मागून यायचा. तान्हं मूल दूध ओढतं तसा.

मागे कुणी नसायचं.

"विकून टाक," यानिना रडत म्हणाली. "चालत जाऊ आपण, पण विकून टाक."

त्याने हात उगारला. मारला नाही, पण उगारला. यानिना भिंतीला टेकली. त्याने स्वतःच्या हाताकडे असं पाहिलं, जणू तो दुसऱ्याचा आहे. मग अंगणात जाऊन तो बराच वेळ रडला. मला त्याची भीती वाटली आणि कीवही आली. मोठा केला होता त्याला मी.

त्यानंतर एका दुपारी लुदमिला रडायला लागली. यानिना ऑलिव्हच्या कारखान्यात कामावर होती. परत झोन्दा सुटला होता. पोर घसा फोडून रडत होती...

डोळ्यांत पाणी नव्हतं.

लंगोट सकाळपासून कोरडा. टाळू आत गेलेली. दूध पाजलं, पाणी पाजलं. सगळं प्यायची, पण जीभ लाकडासारखी. त्या आठवड्यात फाब्रिसिओने तिला रोज त्या मागच्या सीटवर बसवून फिरवलं होतं.

दवाखाना गावाच्या दुसऱ्या टोकाला. मी भाड्याच्या गाडीसाठी फोन लावले, शेजाऱ्यांची दारं ठोठावली. झोपेच्या वेळी कोण उठतं? त्यात वाऱ्यात ऐकू काय येणार?

"या गाडीत नको," मी म्हणाले.

"मग उचलून पळत नेऊ? या वाऱ्यात मरेल ती, झुले."

त्याचंही खरं होतं. मी पोरीला घट्ट धरून मागे बसले. पायाशी पाण्याचा कॅन ठेवला.

हमरस्त्याला लागल्यावर गावाकडे डावीकडे वळायचं. फाब्रिसिओने स्टीअरिंग डावीकडे फिरवलं.

गाडी उजवीकडे गेली.

वाळवंटाकडे.

"फाब्री, काय करतोस?"

"मी नाही करत."

त्याने ब्रेकवर दोन्ही पाय दाबले. काटा वर चढत होता. त्याने चावी काढली, मला दाखवली. इंजिन चालूच होतं. दारं उघडेनात. माझ्या मांडीवर पोरीचं रडणं बंद झालं होतं. श्वास चालू होता, एवढंच.

आणि माझ्या शेजारी, रिकाम्या सीटवर, तो आवाज सुरू झाला...

चुळुक. चुळुक.

माझ्या तोंडातली थुंकी गेली. डोळे चुरचुरायला लागले. फाब्रिसिओने आरशात पाहिलं. काय दिसलं त्याला, मला माहीत नाही. चेहरा पांढरा पडला त्याचा. तो किंचाळला नाही. एवढंच म्हणाला, "तिला घट्ट धर."

त्याने सगळा भार टाकून स्टीअरिंगला हिसका दिला. गाडी रस्ता सोडून वाळूच्या टेकाडात घुसली. माझा खांदा दारावर आपटला. चाकं वाळूत फिरायला लागली आणि गाडी मंदावली. तेवढीच संधी होती. तो सीटवरून मागे वळला आणि सीटखालच्या टायरच्या पान्याने माझ्या बाजूच्या काचेवर घाव घालायला लागला. एक, अजून एक. काचेवर आणि स्वतःच्या हातावरही. काच फुटली.

"बाहेर पड."

"आधी तिला..."

"आधी तू. झेलायला कोण आहे बाहेर?"

मी पोरीला त्याच्या हातात दिलं आणि खिडकीतून डोक्यावर पडले. उठले, सरकत्या गाडीबरोबर धावले. उजव्या हाताने खिडकीची कड धरली. त्याने पोरीला बाहेर दिलं, मी डाव्या हातात घेतलं. त्याचे हात रक्ताने भरलेले होते आणि ते रक्त दाराकडे ओढलं जात होतं. खाली नाही, आडवं.

"पळ, झुले."

"तू पण ये. खिडकीतून ये."

तो अर्धा बाहेर आला होता. खरंच सांगते, खांद्यापर्यंत बाहेर होता. मग त्याला कुणीतरी मागून कमरेला धरून आत ओढावं तसा तो गेला.

दारात काचेची तुटकी धार उरली होती. ती खालून वर आली. सपकन.

बोटं गाडीबरोबर गेली.

मी पोरीला पोटाशी घेऊन वाळूत पडले. गाडी टेकाड चढून पलीकडे उतरली. इंजिनाचा आवाज बराच वेळ येत होता. त्याच्यात माझ्या भावाच्या मुठींचा आवाज. आतून, पत्र्यावर. मग वाऱ्यात दोन्ही विरले.

लुदमिला रडायला लागली. माझ्या मनगटावर काहीतरी ओलं पडलं. तिचे अश्रू होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे कोरड्या नदीच्या पात्रात गाडी सापडली. फुटलेली काच सोडली तर बाहेरून एक ओरखडा नव्हता. फाब्रिसिओ मागच्या सीटवर बसलेला होता. दोन्ही हातांची हाडं मोडलेली. टपाला आतून बुक्क्यांचे पोचे. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, हा किती दिवस पाण्याविना होता? मी म्हणाले, काल दुपारी माझ्याशी बोलत होता.

पाण्याचा कॅन त्याच्या पायाशी होता. काठोकाठ भरलेला.

चारही दारं सताड उघडी होती.

लाल गाडी आजवर कुणाला दिसली नाही. तो कोटवाला माणूसही नाही. गावात म्हणतात, दिफुंतेचा कोप झाला. मला पटत नाही. ती आई आहे, पोराला वाचवणारी आहे. पण त्या वाळवंटात ती एकटीच तहानेने मेली का? बाकीच्यांना कोण पाणी ठेवतं? माझ्या भावाने जमिनीवर ओतलेलं पाणी कुणाच्या घशात गेलं, हे मला कळत नाही. एकदा चव लागली की माणूस परत येतो. माझं गिऱ्हाईकसुद्धा येतं.

यानिना पोरीला घेऊन पार कोरिएन्तेसला गेली. तिथे दारात मोठी नदी आहे. वर्षभर पाऊस, भिंतींना शेवाळ. मीच म्हणाले होते, अशा ठिकाणी जा.

लुदमिला आता शाळेत जाते. गेल्या रविवारी ती फोनवर आली.

"आत्या, माझं पोट दुखतंय. खूप पाणी प्यायले."

"मग नको पिऊ, राणी."

"पण तहान लागलीय."

मी यानिनाला फोन द्यायला सांगितलं. ती हळूच म्हणाली, डॉक्टरांना काही सापडत नाही. सकाळपासून तीन जग झाले. ओठांना भेगा पडल्यात. आणि दुपारी पोर झोपली की खोलीतून एक आवाज येतो.

कसला, ते मी विचारलं नाही.

उद्याच्या बसचं तिकीट काढलंय. जाऊन काय करणार, ते मला अजून माहीत नाही.